प्रतिवादी क्रमांक दोन

२ मार्च, सोमवार

पाटी लागली एकदाची. 'ओदिल शापुई, वकील.' पितळेची आहे आणि उजवीकडे जराशी कललेली आहे. खालचं चीजचं दुकान आणि हे घर, दोन्हींच्या मालकीणबाई मादाम रोशा हात पुसत बाहेर आल्या, कमरेवर हात ठेवून त्यांनी ती वाचली आणि म्हणाल्या, "तिरकी लागलीय."

"माहीत आहे मला."

"राहू दे. स्वभावाला शोभते तुझ्या."

भाडेकरूचं कौतुक करायची ही त्यांची पद्धत असावी, असं मी धरून चालते.

खोली एक, खिडकी एक. खिडकीतून सरोवराचा तुकडा दिसतो, पण तोही किती दिवस दिसेल देव जाणे. समोरच्यांना घरावर मजला चढवायचाय, म्हणून तो किती उंच होणार ते दाखवायला त्यांनी छपरावर उंच काठ्या उभ्या केल्यात. मादाम रोशा रोज सकाळी त्या काठ्यांकडे बघून एक शिवी घालतात आणि मगच दुकानाची फळी उघडतात.

बोव्हारसाहेबांची कचेरी सोडून महिना झाला. इतकी वर्षं मी तिथं क्रीडा लवाद न्यायालयातली अपिलं लिहिली. धावपटूंची, क्लबांची, कुणाकुणाची. लिहायचं मी, सही त्यांची. निघताना मी त्यांना सांगितलं, मला आता माझ्या नावावर हरायचंय. ते म्हणाले, "हरायला काय लागतं? समोर कोण आहे ते न बघता उतरलं की झालं." जाता जातासुद्धा हा कुचकेपणा. वर म्हणे शुभेच्छा.

आज दिवसभरात फोन एकदाच वाजला. चुकीचा नंबर होता. मी त्या माणसाशी जरा जास्तच वेळ बोलले.

५ मार्च, गुरुवार

पहिली अशील आली. नाव नेझा कोबाल. मूळची स्लोव्हेनियाची, लग्न करून इथे जवळच रनाँला आलेली, एक मुलगी आहे. चालण्याच्या शर्यतीत चालते. पळायचं नाही, एक पाय कायम जमिनीला टेकलेला हवा, असला तो जीवघेणा खेळ. स्टेशनपासून माझ्या दारापर्यंतचा चढ चढताना मी स्वतः दोनदा थांबते. ही वर आली तेव्हा तिचा श्वास माझ्यापेक्षा शांत होता, आणि मी तर खुर्चीत बसले होते.

प्रकरण असं. जूनमध्ये पोर्तुगालला युरोपची मोठी स्पर्धा आहे. युरोपीय शीघ्रचाल संघ वर्षभराच्या शर्यतींचे गुण मोजतो आणि त्यावर जागा देतो. शेवटची एक जागा उरली होती. गुणांनी ती नेझाची. पण संघाने फेब्रुवारीतली एक शर्यतही मोजली, आणि त्या शर्यतीच्या गुणांवर ओलिंदा तेलिश नावाची पोर्तुगीज बाई हिच्या पुढे गेली. संघाचा स्वतःचाच नियम सांगतो की वर्ष सुरू होण्याआधी वेळापत्रकात असलेल्याच शर्यती मोजायच्या. ही शर्यत जानेवारीत मागाहून घुसडली होती. नेझाने लेखी तक्रार केली, ती गेल्या शुक्रवारी फेटाळली गेली. तिथून एकवीस दिवसांत अपील, म्हणजे २० मार्चपर्यंत.

"पुढच्या वर्षी नाही का जाता येणार?" मी विचारलं. विचारावं लागतं.

"मेत्र," ती म्हणाली, इथे वकिलाला असंच म्हणतात, "माझी मांडी दोनदा फाटलीय. डॉक्टर म्हणतात, एवढा उन्हाळा, मग पुरे. एकदा तरी मोठ्या रस्त्यावर चालायचंय. लेकीला दाखवायचंय, की आई रोज पहाटे कुठे जायची."

मी प्रकरण घेतलं. घेतलं कसलं, झडप घातली.

"ही ओलिंदा तेलिश तुमच्या ओळखीची आहे?"

"आहे ओळख," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघू लागली. "हिवाळ्यात सराव एकत्र करतो आम्ही. यंदा फेब्रुवारीत ती मधूनच घरी गेली. आईला बरं नव्हतं तिच्या. शर्यतीला तिथूनच गेली म्हणे."

माझं नाव कुणी दिलं, तेही विचारलं. म्हणाली, लवाद न्यायालयाच्या पायऱ्यांवर मी अपील कसं करतात म्हणून विचारत होते, तर हातात पेस्ट्री घेतलेले एक जाडजूड आजोबा मध्येच म्हणाले, चीजच्या दुकानावर जा, पाटी तिरकी आहे. लोझानमध्ये जाड म्हाताऱ्यांचा आणि पेस्ट्रीचा तोटा नाही. पण पाटीची कीर्ती इतक्या लवकर गावभर झालेली बघून मला बरं वाटलं.

७ मार्च, शनिवार

मसुदा सुरू केला आणि पहिल्याच ओळीला थांबले. अपील कुणाविरुद्ध? नेझाला आलेल्या निर्णयावर 'पात्रता समिती' असं लिहिलंय, खाली समितीच्या अध्यक्षाची सही. नवा वकील इथेच आपटतो. समितीविरुद्ध अपील करतो, आणि मग कळतं की समिती नावाची कुणी व्यक्तीच कायद्याला माहीत नाही. समिती म्हणजे संघाचा हात. हातावर दावा लावून चालत नाही, हात ज्याचा त्याच्यावर लावायचा. मी ठळक अक्षरात संघाचं नाव लिहिलं आणि स्वतःवर खूश होऊन बाजाराला गेले.

तिथे बोव्हारसाहेब. भाजीच्या गाड्यापाशी, चरबीच्या कुरकुरीत तुकड्यांची ती आपली नेहमीची खारी पेस्ट्री खात. कोटावर चुरा.

"काम मिळालं म्हणे?"

"कुणी सांगितलं?"

"गाव लहान आहे गं. समोर कोण?"

"युरोपीय शीघ्रचाल संघ. समिती नव्हे, संघ," मी जरा ताठ्यातच म्हटलं.

"आणि?"

"आणि काय?"

"आणि कुणी?"

"आणि कुणी नाही."

"हं," ते म्हणाले, कांद्याची एक जुडी उचलून वास घेतला, ठेवली, आणि गेले. अकरा वर्षं हा 'हं' ऐकलाय मी. या माणसाला माझं काही चांगलं झालेलं बघवतच नाही.

१० मार्च, मंगळवार

संघाच्या वकिलांचा आपणहून फोन आला. झुरिकचे हुंकेलर, कायद्याचे डॉक्टर. इतकं मोठं नाव, आणि माझ्यासारख्या एका खोलीवालीला फोन करतात. जर्मन धाटणीचं फ्रेंच बोलतात, पण आवाज लोण्यासारखा.

"मेत्र शापुई, तुमच्या अशिलाबद्दल आम्हाला आदरच आहे. प्रश्न तिचा आणि संघाचा आहे. आपण दोघं सभ्यपणे लढू. त्या बिचाऱ्या पोर्तुगीज मुलीला यात कशाला ओढायचं? तिची काय चूक?"

"बरोबर आहे तुमचं."

"खेळाडूंची मैत्री मोडते अशाने. मी खूप पाहिलंय."

किती सभ्य माणूस. आमच्या इथे झुरिकवाल्यांना उगाच नावं ठेवतात. मी नेझाला लगेच कळवलं, की समोरचे वकील समजूतदार आहेत, ओलिंदाला त्रास होणार नाही. ती पलीकडे इतका मोठा सुस्कारा टाकून म्हणाली, "देवाची कृपा," की मला वाटलं आपण अर्धी लढाई जिंकली.

१४ मार्च, शनिवार

आजचा दिवस सविस्तर लिहायला हवा, कारण आज मी मोठ्या खड्ड्यात पडता पडता वाचले.

सकाळी मादाम रोशा समोरच्या मजल्याविरुद्ध नगरपालिकेत हरकत द्यायला निघाल्या होत्या. डोक्यावर टोपी, म्हणजे काम सरकारी. मी सहज म्हटलं, "त्या काठ्यांचा एवढा राग येतो तुम्हाला, रोज शिव्या देता."

"काठ्यांचा कशाला येईल? मजल्याचा येतो. काठ्या आहेत म्हणून तर मला दिसलं की माझं सरोवर जाणार. नाहीतर हा बाबा नगरपालिकेशी आत बसून परस्पर ठरवून मोकळा झाला असता, आणि मला कळलं असतं केव्हा? भिंत उभी राहिल्यावर. ज्याचं जाणार त्याला आधी दिसायला नको?"

त्या गेल्या. मी जिन्यात उभीच राहिले.

ज्याचं जाणार. नेझा जिंकली तर संघाचं काय जाणार? काही नाही. कागदावरचं एक नाव खोडून दुसरं लिहायचं. जाणार ते ओलिंदाचं. जागा एकच आहे, आणि ती आज तिच्या नावावर आहे. तिला समोर न बसवता कुठला लवाद तिची जागा काढून घेईल? तो एवढंच म्हणेल, की जिचं जाणार ती इथे नाही, सबब अपील फेटाळलं. नियम आमचा कितीही बरोबर असला तरी पाहणारसुद्धा नाही. आणि मुदत उलटल्यावर नवं नाव घालता येत नाही. असे निकाल मी स्वतः टाचणं काढून वाचलेत.

आणि तो लोण्यासारखा आवाज. 'तिला कशाला ओढायचं.' मी त्याला 'बरोबर आहे तुमचं' म्हटलं होतं.

बरं झालं मादाम रोशांशी बोलणं झालं. नाहीतर मला कोण सावध करणार होतं? बोव्हारसाहेबांनी तर गेल्या शनिवारी नुसतं 'हं' करून सोडून दिलं.

१६ मार्च, सोमवार

नेझाला बोलावून सगळं सांगितलं. प्रतिवादी क्रमांक एक, संघ. प्रतिवादी क्रमांक दोन, ओलिंदा तेलिश. तिने पाण्याचा पेला खाली ठेवला.

"नाही."

"नाही म्हणजे?"

"तिच्यावर दावा नाही करणार मी. माझ्या पोरीचा बाप्तिस्मा झाला तेव्हा कडेवर कुणी घेतलं होतं तिला? ओलिंदाने. धर्ममाता आहे ती माझ्या पोरीची. मांडी फाटली तेव्हा दीड महिना माझ्या घरात राहून माझी भांडी घासली तिने. आणि मी तिला कोर्टात उभी करू?"

हे मला आधी का सांगितलं नाही, असं विचारावंसं वाटलं. पण 'आहे ओळख' म्हणताना ती खिडकीबाहेर बघत होती आणि मी आपली नोंदी घेत होते.

"तिच्याशिवाय अपील उभंच राहत नाही, नेझा."

"तुम्हीच तर म्हणालात, समोरचे वकील समजूतदार आहेत."

"मी मूर्ख होते म्हणून म्हणाले."

"मग राहू दे अपील." जाकीट उचलून ती गेली. जिन्यात पावलांचा आवाज सुद्धा आला नाही, इतक्या भराभर.

खरं सांगायचं तर संध्याकाळी मनात आलं, नुसतं संघाचं नाव घालून पाठवून द्यावं. अशिलाची इच्छाच तशी, हरलो तर दोष तिचा. हा विचार मला आला आणि मी तो चांगला पाच मिनिटं जवळ बाळगला. मग स्वतःचीच शिसारी आली.

१८ मार्च, बुधवार

फोन उचलत नाही म्हणून शेवटी सकाळी विदीच्या बाजूला सरोवराकाठी गेले. ती तिथे सराव करते. दिसली. ती चालत होती आणि मी तिच्या शेजारी पळत होते. कचेरीच्या बुटांत. बदकं बाजूला होऊन बघत होती.

"तुमच्या रनाँत," मी धापा टाकत म्हटलं, "कुणी मजला चढवतो तेव्हा काठ्या लावतात ना?"

"लावतात."

"का?"

"शेजाऱ्यांना कळावं म्हणून."

"काठ्या लावल्या म्हणजे तो शेजाऱ्याशी भांडला का?"

तिचा वेग थोडा कमी झाला. मला तेवढं पुरे होतं.

"काठ्या न लावता बांधलं, तर ते भांडण. थांब जरा, मरेन मी. ऐक. तू ओलिंदाला बाहेर ठेवून संघाशी आत बसून तिची जागा मागणार. तिला कोण विचारणार? कोणी नाही. तिचं म्हणणं कोण मांडणार? तो हुंकेलर? त्याला ती हवीय कुठे. नाव लिहिणं म्हणजे तिच्यावर धावून जाणं नव्हे, तिला खुर्ची देणं आहे. तुझी जी धर्ममाता आहे..."

"माझ्या पोरीची."

"तिच्या पाठीमागे तिचं घेशील, का समोर बसवून मागशील?"

ती थांबली. चालण्याच्या शर्यतीवाली माणसं थांबताना फार विचित्र दिसतात, सगळं अंग एकेक करून थांबतं. वाकून बुटाची नाडी सोडली आणि पुन्हा बांधली. मी तेवढ्यात श्वास गोळा केला.

"तिला आधी मी सांगणार," ती शेवटी म्हणाली. "तुमचा कागद जाण्याआधी. माझ्या तोंडून."

"सांग."

"आणि तुम्ही हे बूट घालून परत पळू नका. पाय मोडेल."

१९ मार्च, गुरुवार

नेझाने माझ्या खोलीतूनच फोन केला. जिन्यात जाऊन बोलली, दार उघडं होतं. तिचंच बोलणं ऐकू येत होतं. अगं, ओलिंदा, मी. हो, बरी आहे. हो, तीही बरी आहे, दात पडलाय. मग एकदम सगळं सांगून टाकलं, न थांबता. मग बराच वेळ काही नाही.

आत आली आणि तिने फोन टेबलावर पालथा ठेवला. "काय म्हणाली?"

"म्हणाली, लिही. एवढंच. आणि ठेवला फोन."

"चिडली असेल. स्वाभाविक आहे."

"चिडली की ओरडते ती," नेझा म्हणाली. "अशी गप्प नाही होत."

मी म्हटलं, दावा लागल्यावर माणसं बदलतात. याबाबतीत माझा अनुभव तिच्यापेक्षा दांडगा आहे.

२० मार्च, शुक्रवार

दुपारच्या जेवणाआधी अपील दाखल. माझी सही. माझं नाव. प्रतिवादी दोन. मादाम रोशांकडे बटाटे, लीकची भाजी आणि लठ्ठ सॉसेज जेवले आणि दोन पेले पांढरी वाइन प्यायले. त्यांनी विचारलं, जिंकलीस का? म्हटलं, नाही, पण आता हरले तर निदान लढून हरेन. म्हणाल्या, मग तिसरा पेला जिंकल्यावर.

२७ मार्च, शुक्रवार

हुंकेलरांचा फोन. आज आवाजात लोणी नव्हतं.

"तुम्ही त्या मुलीलाही घातलंत."

"घातलं."

"आपलं बोलणं झालं होतं, मेत्र."

"झालं होतं. तुमच्या बोलण्यातूनच मला सुचलं. आभार मानायचे राहिले."

त्यांनी फोन आपटला नाही, झुरिकचे लोक आपटत नाहीत. पण ठेवला तो फार हळू ठेवला. मी खोलीभर नाचले. खालून मादाम रोशांनी झाडूच्या दांड्याने छताला ठोकलं.

१८ एप्रिल, शनिवार

मंगळवारी सुनावणी. बाजारात नेझा बरोबर होती. बोव्हारसाहेब समोरून आले तर हिने त्यांच्याकडे बघून चक्क हात हलवला. त्यांनी मान फिरवली आणि एकदम मुळ्यांचा भाव विचारू लागले. मुळा खात नाहीत ते, पोट बिघडतं त्यांचं. नेझा काहीतरी सांगायला लागली होती, पण मला साक्षीच्या क्रमाची चिंता होती, मी तिला गप्प केलं. ही पोरगी सगळ्यांनाच हात हलवते.

२१ एप्रिल, मंगळवार

आजचं आजच लिहून काढते.

लवाद एकच, आइसलँडच्या एक बाई, चष्मा केसांत खोचलेला. एका बाजूला मी आणि नेझा. समोर हुंकेलर आणि त्यांचे दोन सहाय्यक, आणि त्यांच्यापासून दोन खुर्च्या सोडून ओलिंदा. एकटी. वकील नाही. ठेंगणी, काटक, उन्हाने रापलेली. आपल्या गावात टपाल वाटते म्हणे. नेझाकडे तिने एकदाही पाहिलं नाही. मी नेझाच्या कानात म्हटलं, बघ, राग गेलेला नाही.

माझं म्हणणं मी मांडलं. नियम वाचला, तारखा दाखवल्या. हुंकेलर उठले आणि त्यांनी नियम मोडल्याचं चक्क कबूल केलं. शर्यत उशिरा घेतली, मान्य. पण सर्व खेळाडूंना जानेवारीतच कळवलं होतं, दार सर्वांना उघडं होतं. श्रीमती कोबाल आल्या नाहीत, तेव्हा गप्प बसल्या, आणि आता हरल्यावर नियम आठवला.

चतुर. फार चतुर. नेझा म्हणाली, मला कुणी कळवलं नाही. ते म्हणाले, फोनवरून कळवलं होतं. तिचा शब्द आणि संघाचा शब्द. बाई दोघांकडे आळीपाळीने बघत राहिल्या. माझ्याकडे पुरावा नव्हता. खोटं बोलणारा फोन कसा खोडायचा?

मग बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "प्रतिवादी क्रमांक दोन. तुम्हाला काही सांगायचंय?"

हुंकेलर चटकन म्हणाले, "श्रीमती तेलिश यांचं म्हणणं आमच्या म्हणण्यात आलंच आहे."

"त्या स्वतंत्र पक्षकार आहेत," बाई म्हणाल्या. "त्यांना विचारतेय मी."

ओलिंदा उभी राहिली. तिथे उभं राहावं लागत नाही, पण ती राहिली.

"आधी हे सांगते, की मला ही जागा हवी आहे. स्पर्धा माझ्या देशात आहे, रस्ता माझ्या गावातून जातो. मी टपालाची पिशवी घेऊन त्याच रस्त्याने रोज चालते. ती शर्यत मी खरी चालले, कुणी मला फुकट काही दिलं नाही."

"समजलं."

"जानेवारीत संघाच्या माणसाचा मला फोन आला. म्हणाला, एक शर्यत वाढवतोय, तू ये, घरची खेळाडू नसली तर स्पर्धेला माणसं येत नाहीत. मी विचारलं, नेझाला सांगितलंत का? आम्ही तिकिटं बरोबरच काढतो. तो म्हणाला, तिला सांगणार नाही आहोत. तूही सांगू नकोस."

हुंकेलरांचा एक सहाय्यक लिहिता लिहिता थांबला.

"आणि तुम्ही सांगितलंत?" बाईंनी विचारलं.

"नाही. मी तिच्या बरोबर सरावाला होते. एकाच खोलीत झोपत होतो. मी तिला सांगितलं, माझ्या आईला बरं नाही, आणि निघाले." मग पहिल्यांदाच ती नेझाकडे वळली. "आई ठणठणीत आहे माझी. तू दर आठवड्याला तिची चौकशी करत होतीस."

नेझाने तोंडावर हात ठेवला.

"मी कुणाला सांगणार नव्हते," ओलिंदा बाईंना म्हणाली. "कुणी विचारलंच नसतं. पण तिने मला फोन करून सांगितलं, की मी तुझं नाव लिहितेय. तिने मला सांगितलं. मी तिला नव्हतं सांगितलं." आणि ती खाली बसली.

हुंकेलर उठले, पण काय बोलले ते त्यांनाही आठवत नसेल.

बाहेर ओवरीत दोघी समोरासमोर आल्या. मी दूर उभी राहून फायली नीट करायचं नाटक करत होते.

"शिवी दे," ओलिंदा म्हणाली.

"देणार आहे. बऱ्याच देणार आहे. जेवलीस का?"

"नाही."

"घरी चल. पोरगी सकाळपासून खिडकीत बसलीय. तिच्यासमोर शिव्या देता येत नाहीत, ती झोपल्यावर देईन."

दोघी पायऱ्या उतरून गेल्या, त्या तसल्या वेगाने. त्यांच्यामागे हुंकेलर टॅक्सीला हात करत होते आणि टॅक्सी थांबत नव्हती. मी इतकी खूश झाले की मला स्वतःचीच थोडी लाज वाटली. फार नाही.

६ मे, बुधवार

जिंकलो. अपील मंजूर, फेब्रुवारीची शर्यत बाद, शेवटची जागा नेझा कोबालची. निकालात 'फोनवरून कळवलं' या हुंकेलरांच्या गोष्टीवर दोन सरळ वाक्यं आहेत, ती मी मोठ्याने वाचली. आणि वर, पहिल्या पानावर, 'अपीलकर्तीतर्फे: मेत्र ओदिल शापुई'. दुसऱ्या कुणाची सही नाही. मी ते पान कितीदा पाहिलं ते लिहिणार नाही.

मादाम रोशांनी तिसरा पेला भरला. तेवढ्यात बोव्हारसाहेब बाटली घेऊन जिना चढून आले, धापा टाकत, कोटावर चुरा. निकाल वाचला. 'प्रतिवादी क्रमांक दोन' या ओळीवर बोट ठेवून थोडा वेळ थांबले.

"हं," म्हणाले.

यावेळचा 'हं' जरा वेगळा होता. मला हिणवायला आले असावेत आणि हिणवण्यासारखं काही सापडलं नाही. बिचारे. जाताना मादाम रोशांकडून स्क्रूड्रायव्हर मागून घेतला आणि दारातली पाटी सरळ करू का म्हणून विचारलं. मी म्हटलं, हात लावू नका, अशील तिच्यावरून येतात. तर काय, जिन्यात बसून हसतच सुटले. वय झालं आता त्यांचं.

नेझा दुपारी उशिरा आली, लेकीला शाळेतून घरी पोचवून. तिने निकाल उभ्या उभ्या वाचला, मग खुर्चीत बसून पुन्हा वाचला. मला वाटलं नाचेल. तिने फोन काढला.

"तिला कुठल्या तोंडाने सांगू?" म्हणाली. "गावातून रस्ता जातो तिच्या."

"सांगावं तर लागेल."

तिने नंबर लावला. यावेळी जिन्यात गेली नाही, माझ्या समोरच बसली, आणि ओलिंदाचा आवाज इतका मोठा की मला सगळं ऐकू आलं. नेझा "ओलिंदा, ऐक," एवढंच म्हणू शकली.

"माहीत आहे मला. सकाळीच आला निकाल."

"तुला कसा आला?"

"कसा म्हणजे? पक्षकार आहे मी. तुझ्या आधी वाचला. पाचव्या पानावर तर माझंच बोलणं आहे, पोस्टात सगळ्यांना वाचून दाखवलं." मग हळूच म्हणाली, "रडलेसुद्धा. ते झालं आता. तू सराव कुठला करतेयस, सपाटीवर?"

"सपाटीवर."

"मूर्ख आहेस. आमच्या देवळापासचा चढ बघितला नाहीस अजून. शेवटच्या फेरीला तिथेच सगळ्यांचे पाय जातात. पुढच्या शनिवारी ये, पोरीलाही आण. रोज दोनदा चढवते तुला तो. माझी जागा घेतलीस ना? मग माझ्या गावात लोकांसमोर धापा टाकलेल्या चालणार नाहीत मला."

नेझा हसत होती आणि डोळे पुसत होती, आणि "हो, हो, येते," एवढंच म्हणत होती. मग फोन खिशात टाकून उठली, माझ्या दोन्ही गालांवर जोरात पापे घेतले आणि जिना उतरली. मी खिडकीपाशी पोचेपर्यंत ती स्टेशनकडे न वळता समोरचा चढ चढायला लागली होती.